पाठांतराचा न्याय : संगणक-बुद्धिबळातल्या ओपनिंग बुकचा मागोवा

2006 सालच्या नोव्हेंबरअखेर जर्मनीतल्या बॉन शहरात तेव्हाचा जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक आणि ‘डीप फ्रिट्झ’ हा संगणक-प्रोग्रॅम यांच्यात सहा डावांचा सामना झाला. त्याच्या करारात एक विलक्षण कलम होतं. डीप फ्रिट्झ जोवर आपल्या ओपनिंग बुकातून, म्हणजे स्वतः विचार न करता साठवलेल्या चालींतून खेळत असेल, तोवर ते बुक क्रामनिकला समोरच्या पडद्यावर उघडं दिसायचं. पटावरच्या स्थितीत यंत्राकडे कोणत्या चाली नोंदलेल्या आहेत, ग्रँडमास्टरांनी त्या किती वेळा खेळल्या, त्यांचं फळ काय मिळालं आणि यंत्राचा कल कोणत्या चालीकडे आहे, हे सगळं तो पाहू शकत होता. बुक संपलं की पडदा बंद आणि दोघेही आपापल्या डोक्याने मोकळे.

माणसामाणसांच्या डावात खेळ चालू असताना कुठलंही टिपण बघायला सक्त मनाई असते. खिशातला कागद काढून पाहिला तर डाव जाऊ शकतो. मग इथे प्रतिस्पर्ध्याची वहीच उघडून दाखवण्याचं कलम कशासाठी लिहिलं गेलं? एका वादाला सापडलेलं ते तात्पुरतं उत्तर होतं. वाद त्याआधी अर्ध्या शतकापासून चालू होता आणि आजही त्याचं रूप बदलत आहे. यंत्राचं पाठांतर कुठवर रास्त आणि कुठून पुढे अन्याय, हा तो वाद.

सुरुवातीच्या चाली लिहून ठेवण्याची परंपरा यंत्रांहून फार जुनी आहे. 1497 साली सालामांका इथे छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकात डावांच्या सुरुवाती आहेत. 1561 साली रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूचं पुस्तक आलं आणि त्याचं नाव एका ओपनिंगला कायमचं चिकटलं. 1843 साली जर्मनीत बिल्गरचा ‘हांडबुख’ निघाला. पुढे 1974 पासून बेलग्रेडहून ‘एनसायक्लोपीडिया ऑफ चेस ओपनिंग्ज’चे खंड निघू लागले. ए ते ई असे पाच खंड आणि 500 सांकेतिक क्रमांक, त्यांत सगळ्या ओपनिंगा बसवलेल्या. ई खंडातला ‘किंग्ज इंडियन’ बचाव उघडला की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातलं कलकत्ता आठवावं. तिथे महेशचंद्र बंदोपाध्याय हे बंगाली खेळाडू जॉन कॉक्रेन या स्कॉटिश वकिलाशी डाव खेळत आणि प्यादी एकेक घर सरकवून उंट कोपऱ्यातून रोखायचा बचाव वापरत. कॉक्रेन यांनी ते डाव टिपून ठेवले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. ओपनिंग बुकातली ओळ ही अशी असते. ती कुणीतरी पटावर बसून, हरून-जिंकून घडवलेली असते आणि पुढच्या प्रत्येकाला आयती मिळते.

संगणकाच्या बाबतीत पहिला निवाडा यंत्र तयार होण्याआधीच दिला गेला होता. बेल लॅबोरेटरीजमधल्या क्लॉड शॅनन यांचा बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमवरचा निबंध 1950 साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आला. त्यांनी सुचवलं होतं की यंत्राच्या संथ स्मृतीत काहीशे प्रचलित ओपनिंग ठेवाव्यात. प्रतिस्पर्धी त्या वाटेवरून हलेपर्यंत किंवा साठवलेली ओळ संपेपर्यंत यंत्राने आठवणीतून खेळावं. याला लबाडी म्हणता येणार नाही, असंही त्यांनी तिथल्या तिथे बजावलं, कारण पट्टीचे खेळाडूही सुरुवात अशीच खेळतात.

या सूचनेमागे एक तांत्रिक गरजही होती. यंत्र काही चाली पुढचं मोजतं आणि शेवटच्या स्थितीला गुण देतं. पण सुरुवातीच्या चालीचं फळ कधीकधी वीस चालींनंतर दिसतं, तेवढं खोल पाहणं त्या काळच्या यंत्रांना शक्य नव्हतं. बुकाशिवायचा प्रोग्रॅम वजीर लवकर बाहेर काढी, प्यादं दिसलं की खाई आणि राजाला उघड्यावर ठेवी. बुकाने ही उणीव झाकली, पण नवी अडचणही निर्माण केली. ओळ संपताच यंत्राला ‘ही स्थिती आपण का निवडली’ हे कळत नसे आणि बुकातून आलेला घोडा ते पुढच्याच चालीत मुकाट्याने मागे नेई. पाठ होतं, पण अर्थ कळलेला नव्हता.

1967 साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रिचर्ड ग्रीनब्लाट यांचा ‘मॅक हॅक’ हा प्रोग्रॅम माणसांच्या स्पर्धेत उतरला. त्याचं ओपनिंग बुक रचणाऱ्यांत लॅरी कॉफमन हा तिथला विद्यार्थी होता. हेच कॉफमन पुढे ग्रँडमास्टर झाले आणि ‘रिब्का’ व ‘कोमोडो’ या इंजिनांच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा राहिला. बुक लिहिणारा माणूस हा प्रोग्रॅमरपेक्षा वेगळा कारागीर असतो, ही परंपरा इथे सुरू झाली. एकाला गणनेची बुद्धी हवी, दुसऱ्याला पटाची जाण.

या कारागिरीची चिकाटी पाहायची तर बेल लॅबोरेटरीजमधल्या केन थॉम्पसन यांच्याकडे पाहावं. युनिक्स ही संगणकप्रणाली घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या थॉम्पसन यांनी जो कॉन्डन यांच्यासह ‘बेल’ हे बुद्धिबळासाठीच बांधलेलं यंत्र उभं केलं. 1980 साली लिंझ इथे ते संगणकांचं जगज्जेतं ठरलं. बेलसाठी त्यांनी त्या एनसायक्लोपीडियातल्या ओळी स्वतः टंकायला घेतल्या. रोज तासभर, जवळजवळ तीन वर्षं. त्यातून सुमारे तीन लाख चालींचं बुक झालं आणि बेलचा खेळ लक्षात येईल इतका सुधारला. पुढे त्यांनी छापील पानं यंत्राकरवी वाचून घेण्याचा प्रोग्रॅम लिहिला. तेव्हा सगळ्यात जास्त छळलं ते पुस्तकातल्या मुद्रणदोषांनी. छापताना एक अक्षर चुकलं तर घोडा जाऊच शकत नाही अशा घरात जाऊन बसतो. माणूस तिथे हसून पुढे जातो, यंत्र मात्र अडून बसतं.

बुक यंत्राच्या आत असतं कसं, हेही जवळून पाहण्यासारखं आहे. पानं उलटत जावं तशी यंत्रं ओळी वाचत नाहीत. पुष्कळ प्रोग्रॅम वापरतात त्या ‘पॉलीग्लॉट’ पद्धतीत प्रत्येक नोंद अवघ्या 16 बाइटांची असते. पहिले 8 बाइट म्हणजे पटावरच्या स्थितीचा क्रमांक, मग 2 बाइटांत चाल, 2 बाइटांत त्या चालीचं वजन आणि उरलेले 4 यंत्राच्या स्वतःच्या अनुभवाच्या नोंदीसाठी राखलेले. स्थितीचा क्रमांक काढायला 781 यादृच्छिक संख्या ठरवून दिलेल्या असतात. कुठलं मोहरं कुठल्या घरात याच्या 768, किल्लेकोटाच्या हक्कांच्या 4, प्यादं जाताजाता मारण्याच्या 8 आणि पाळी कुणाची याची 1. लागू पडणाऱ्या संख्या एकमेकींत मिसळल्या की त्या स्थितीची खूण तयार होते. चालींचा क्रम बदलून त्याच स्थितीला आलात तरी खूण तीच, म्हणून वाट बदलून बुकाला चकवता येत नाही.

यातल्या ‘वजन’ या दोन बाइटांत सगळा वाद दडलेला आहे. एखाद्या चालीचं वजन शून्य केलं की यंत्र ती खेळत नाही. वाढवलं की जास्त वेळा खेळतं. एरवी निरुपद्रवी दिसणाऱ्या या आकड्यावर माणसाचा हात असतो, आणि तो हात कधी फिरतो यावर न्याय-अन्याय ठरतो.

11 मे 1997. न्यूयॉर्कमध्ये गॅरी कास्पारॉव्ह आणि आयबीएमच्या ‘डीप ब्लू’मधला सहावा, निर्णायक डाव. डीप ब्लूचं हाताने रचलेलं बुक सुमारे 4000 स्थितींचंच होतं. जोडीला सात लाख डावांवरून तयार केलेलं ‘विस्तारित बुक’ होतं. त्यातून चाल किती वेळा, किती ताकदीच्या खेळाडूंनी, किती अलीकडे आणि काय फळ घेऊन खेळली याचा हिशोब यंत्राच्या निवडीला कल देई. हाताचं बुक सांभाळायला जोएल बेंजामिन, निक डी फर्मियन, जॉन फेडोरोविच, मिगेल इयेस्कास असे ग्रँडमास्टर बसलेले होते. कास्पारॉव्ह यांनी त्या दिवशी कारो-कान बचाव घेतला आणि सातव्या चालीला राजाच्या हत्तीपुढचं प्यादं एक घर पुढे ढकललं. डीप ब्लूने लगेच घोड्याने ई६ वरचं प्यादं मारलं. एक घोडा देऊन काळ्या राजाला मधोमध उघडा पाडणारा तो बळी होता. त्या काळची यंत्रं स्वतःच्या हिशोबाने असा बळी सहसा देत नसत, कारण दिलेल्या मोहऱ्याची भरपाई त्यांच्या नजरेच्या टप्प्यात येत नसे. 19 चालींत कास्पारॉव्ह यांनी डाव सोडला. बारा वर्षांनी इयेस्कास यांनी एका मुलाखतीत सांगितलं की काळ्याने ते प्यादं ढकललं तर ई६ वर मारायचं, ही सूचना त्याच दिवशी सकाळी बुकात घातली होती.

नियम मोडला गेला का? नाही. दोन डावांच्या मध्ये प्रोग्रॅममध्ये बदल करायची मुभा करारात होती. माणूसही आदल्या रात्री नवी चाल शिकून येतोच. पण कास्पारॉव्ह यांचे आयुष्यभराचे डाव समोरच्या चमूला उपलब्ध होते आणि डीप ब्लूचे डाव त्यांना पाहायला मिळाले नव्हते. पाठांतर दोघांचंही होतं, पण एकाचं जगजाहीर आणि दुसऱ्याचं कुलुपात. माझ्या मते अन्याय बुकात नव्हता, या एकतर्फी अंधारात होता. नऊ वर्षांनंतर बॉनच्या करारात प्रतिस्पर्ध्याचं बुक पडद्यावर दाखवायचं कलम आलं, ते याच अंधारावरचं उत्तर होतं. तरीही क्रामनिक 4–2 असा हरला, दुसऱ्या डावात तर एका चालीतली मात त्याच्या नजरेतून निसटली. म्हणजे उघड्या बुकाने यंत्र दुबळं झालं नाही. फक्त पराभवाबद्दल कुणाला कुरकुर करायला जागा राहिली नाही.

यंत्रा-यंत्रांच्या लढतीत मात्र वेगळंच चाललं होतं. 1990 च्या दशकात बुद्धिबळाचे प्रोग्रॅम दुकानांत विकले जात होते आणि स्वीडनमधल्या हौशी मंडळींची एसएसडीएफ ही संघटना त्यांचे आपसांत डाव लावून गुणांकनाची यादी छापत असे. यादीतलं वरचं स्थान म्हणजे खपाची हमी. मग बुक रचणाऱ्यांनी ठरावीक प्रतिस्पर्धी समोर ठेवून ओळी पेरायला सुरुवात केली. अमुक प्रोग्रॅम अमुक स्थितीत हीच चूक करतो हे घरी तपासायचं आणि आपलं बुक त्याला थेट तिथे नेईल असं बघायचं. पेपर आधीच हाती लागलेल्या विद्यार्थ्यासारखे काही प्रोग्रॅम बुक संपायच्या आत जिंकलेल्या स्थितीत पोचत. त्यातच प्रोग्रॅम आपल्या निकालांवरून बुकाची वजनं बदलायला शिकले. ‘क्राफ्टी’चे कर्ते रॉबर्ट हायट यांनी 1999 साली या पद्धतीवर शोधनिबंधच लिहिला. जिंकलेली ओळ पुन्हा, हरलेली टाळायची. शिकण्याची ही रीत चांगलीच होती, पण समोरचा प्रोग्रॅम न शिकणारा असला की तोच जिंकलेला डाव जसाच्या तसा पुन्हा पटावर येई आणि गुण पदरात पडत. यादी वाचणाऱ्याला वाटे, हे इंजिन अधिक हुशार आहे. प्रत्यक्षात हुशारी बुक रचणाऱ्याची असे आणि तीही एकाच खिडकीतून आत शिरण्यापुरती.

यावर तोडगा काढला जॉन नन यांनी. हे इंग्रज ग्रँडमास्टर गणितातले डॉक्टरेटधारक. त्यांनी ओपनिंग संपून डाव रंगात येऊ लागल्याच्या दहा स्थिती निवडल्या. दोन्ही प्रोग्रॅमची बुकं बंद. प्रत्येक स्थिती दोनदा खेळायची, एकदा पांढऱ्याकडून आणि एकदा काळ्याकडून, म्हणजे वीस डाव. एखादी स्थिती पांढऱ्याला थोडी झुकती असली तरी तो फायदा दोघांना एकेकदा मिळतो, त्यामुळे कुणाची तक्रार उरत नाही.

या युक्तीला एक जुनं भावंडही आहे. चेकर्स या खेळात निष्णात खेळाडूंचे डाव त्याच त्या वाटेने बरोबरीत सुटू लागले, तेव्हा पहिल्या चाली खेळाडूंच्या हातून काढून घेतल्या गेल्या. आधी दोन चालींची आणि 1934 पासून अमेरिकेत तीन चालींची चिठ्ठी काढून सुरुवात ठरवण्याची पद्धत आली. निघालेल्या सुरुवातीवर दोघांनी दोन्ही बाजूंनी खेळायचं. पाठांतर पुसता येत नाही, पण ते कुणाच्या फायद्याचं ठरेल हे चिठ्ठीवर सोपवता येतं, ही शहाणीव तिथून आली.

बुद्धिबळात पाठांतराचं मूळच छाटण्याचा प्रयत्न बॉबी फिशर यांनी केला. 1996 साली ब्युनोस आयर्समध्ये त्यांनी मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठीने मांडायचा खेळ जाहीर केला. 960 मांडण्या, कुणी कुठलं बुक पाठ करणार? 2005 पासून काही वर्षं जर्मनीतल्या माइन्झमध्ये संगणकांची या प्रकारातली जगज्जेतेपदंही झाली. कल्पना खरोखर सुंदर आहे. पण तिच्यात रुय लोपेझपासून महेशचंद्रांपर्यंतचा सगळा वारसा पटाबाहेर राहतो, म्हणून मला ती या प्रश्नाचं पूर्ण उत्तर वाटत नाही. पाठांतर गैर नसेल, तर ते नष्ट करण्यापेक्षा वाटून घेणं अधिक न्याय्य.

हे वाटून घेणं आज सगळ्यात नीट दिसतं ते टीसीईसी या संगणक-इंजिनांच्या स्पर्धेत. 2010 साली नॉर्वेच्या मार्टिन थोरेसेन यांनी ती सुरू केली. अंतिम लढत शंभर डावांची असते. पन्नास ओपनिंग आणि प्रत्येक दोन्ही रंगांनी. या ओपनिंग निवडणाऱ्यांत येरुन नोमेन हे डच गृहस्थ आघाडीवर राहिले. तेच पूर्वी ‘रेबेल’ आणि पुढे ‘रिब्का’ या प्रोग्रॅमांसाठी खास बुकं रचत. एकेकाळी आपल्या इंजिनाला प्रतिस्पर्ध्यावर मात करता यावी म्हणून ज्या ज्ञानाची धार लावली, तेच ज्ञान पुढे त्यांनी दोघांना सारखी कठीण सुरुवात देण्यासाठी लावलं. या सगळ्या वंशावळीत मला हे वळण सर्वांत मोलाचं वाटतं. ज्ञान तेच राहिलं, ते कुणाच्या बाजूने उभं आहे एवढंच बदललं आणि अन्यायाचं हत्यार न्यायाचं साधन झालं.

बुक काढून घेणंही अन्याय ठरू शकतं, याचा धडा 2017 च्या डिसेंबरमध्ये मिळाला. डीपमाइंड कंपनीच्या ‘अल्फाझीरो’ने ‘स्टॉकफिश’ या इंजिनाला शंभर डावांत 28 विजय, 72 बरोबऱ्या आणि एकही पराभव नाही, असं हरवल्याची बातमी जगभर गाजली. पण त्या सामन्यात स्टॉकफिशला ओपनिंग बुक नव्हतं. अल्फाझीरो स्वतःशी लाखो डाव खेळून शिकलेलं, म्हणजे सुरुवातीचं ज्ञान त्याच्या मज्जाजाळ्यात मुरलेलं. स्टॉकफिशचं तसंच ज्ञान मात्र वेगळ्या फाइलीत असतं, आणि नेमकी ती फाइल बाहेर ठेवलेली. टीका झाली आणि ती रास्त होती. एका वर्षाने ‘सायन्स’मध्ये छापलेल्या निबंधात हजार डावांचा सामना होता. अल्फाझीरोचे 155 विजय, 6 पराभव, बाकी बरोबऱ्या. शिवाय टीसीईसीच्या ओपनिंगांपासून सुरू केलेले डाव आणि भक्कम बुक दिलेल्या स्टॉकफिशशी खेळलेले डावही त्यात होते. तिथेही अल्फाझीरोच वरचढ ठरलं, आणि आता तो निकाल मान्य करायला कुणाला हरकत उरली नाही.

अल्फाझीरोने एक जुनी सीमारेषाही पुसली. शॅनन यांच्या काळापासून बुक वेगळं आणि विचार वेगळा मानला जाई. मज्जाजाळी वापरणाऱ्या इंजिनांत दोन्ही एकजीव झाले आहेत. तिथे ‘बुक बंद’ या आज्ञेला पूर्वीसारखा अर्थ राहत नाही. म्हणूनच बुकाला मनाई करणारा नियम पुढे टिकणार नाही, सुरुवात ठरवून देणारा नियमच टिकेल.

या नियमालाही अलीकडे एक वळसा घ्यावा लागला. इंजिनं इतकी बलवान झाली की समतोल सुरुवातीतून जवळपास प्रत्येक डाव बरोबरीत सुटू लागला. तेव्हा स्टेफान पोल यांनी माणसांच्याच डावांतून मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती वेचल्या. यूएचओ या नावाने त्या ओळखल्या जातात आणि स्टॉकफिशमधल्या सुधारणा तपासायलाही वापरल्या जातात. झुकाव एवढा की विजय आणि बरोबरी यांच्या उंबरठ्यावर डाव उभा राहावा. मग जो पांढऱ्याने जिंकतो आणि त्याच सुरुवातीतून काळ्याने बरोबरी राखतो, तो श्रेष्ठ. एकेकटा डाव अन्यायाने सुरू होतो, पण जोडी पुरी झाली की हिशोब चुकता होतो.

पण संगणक-बुद्धिबळातल्या सगळ्याच स्पर्धा एका मापाने मोजता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय संगणक-खेळ संघटनेच्या जगज्जेतेपदांत प्रोग्रॅमर, बुक रचणारा, पटावर चाली हलवणारा आणि यंत्र असा सगळा चमू उतरत असे. तिथे रात्री जागून रचलेलं गुप्त बुक ही चमूची कमाई असे आणि ती वापरायचा त्याला पूर्ण हक्क होता. तिथे बुक बंद करा म्हणणं त्या कारागिराच्या मेहनतीवर पाणी फिरवणं झालं असतं. याच संघटनेने 2011 साली ‘रिब्का’ची पदं काढून घेतली, ती दुसऱ्या प्रोग्रॅममधली लिखावट उचलल्याचा ठपका ठेवून. प्रोग्रॅमची लिखावट ज्याची त्याची असते. खेळलेल्या चाली मात्र सगळ्यांच्या असतात, त्या पुन्हा खेळायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून मला नियम असा सुचतो. स्पर्धा चमूंची असेल तर प्रत्येकाने आपलं बुक आणावं, आणि ते किती वेळा, केव्हा बदलता येईल हे आधीच सर्वांना सारखं ठरवून द्यावं. स्पर्धा इंजिनांच्या ताकदीची असेल तर सुरुवात तिऱ्हाइताने द्यावी आणि दोघांना दोन्ही बाजूंनी खेळू द्यावं. माणूस आणि यंत्र समोरासमोर असतील तर एकाची वही उघडी आणि दुसऱ्याची बंद, असं होऊ नये. शॅनन यांचा निवाडा आजही खरा आहे, पाठांतर ही लबाडी नाही. त्याला पुढच्या सत्तर वर्षांनी जोड दिली ती एवढीच की कोणाची परीक्षा घेतोय हे आधी सांगितलं पाहिजे. बुक रचणाऱ्याच्या अभ्यासाचे गुण इंजिनाच्या नावावर मांडले, की प्रत्येक चाल नियमात बसूनही निकाल खोटा ठरतो.